दाराआडचे गाठोडे

केदारनाथाच्या वाटेने जाणारा यात्रेकरू सहसा दोनच गोष्टी पाहतो. खाली वाहणारी मंदाकिनी आणि वर, ढग बाजूला झालेच तर, हिमाच्छादित शिखरे. या दोहोंच्या मध्ये, डोंगराच्या पोटावर पायऱ्यापायऱ्यांची शेते आणि त्यांच्या कडेला दगडी पाट्यांच्या छपरांची जी गावे वसली आहेत, त्यांच्याकडे त्याचे लक्ष क्वचितच जाते. मोटारीच्या खिडकीतून ती चित्रासारखी दिसतात आणि पुढच्या वळणाला नाहीशी होतात. २०२५च्या ऑक्टोबरात अशाच एका गावी आठ दिवस राहण्याचा योग आला. गुप्तकाशी आणि उखीमठ ही दोन गावे दरीच्या दोन अंगांना समोरासमोर आहेत. त्यांच्याच परिसरातले हे गाव. घरातल्या मंडळींच्या इच्छेवरून गावाचे नाव येथे देत नाही.

आम्ही इंदूरचे. अहिल्याबाईंनी केदारनाथासारख्या दूरच्या तीर्थक्षेत्रीही यात्रेकरूंच्या सोयी केल्या, ही गोष्ट आमच्याकडे लहान मुलांनाही ठाऊक असते. त्यामुळे केदारखंडाशी आपले काही घरचे नाते आहे, अशी प्रत्येक इंदूरकराची समजूत असतेच. आमचे नाते मात्र याहून साधे. आमच्या वाड्याच्या मागल्या खोलीत एक गढवाली तरुण अकरा वर्षे भाड्याने राहत होता. स्टेशनजवळच्या एका हॉटेलात तो स्वयंपाक करी. आम्हां उभयतांना तो काका-काकू म्हणे, आणि आमच्याच सहवासात त्याने मराठी उचलली. अर्थात आमची इंदुरी मराठी, ‘मी येऊन राहिलो’ म्हणणारी! पुण्याच्या माणसाने ती ऐकून नाक मुरडले असते. पण मंदाकिनीच्या काठी, हजार मैलांवर, पाऊण जन्म पहाडात काढलेल्या माणसाच्या तोंडून ती ऐकताना मला फार बरे वाटले.

२०१३च्या जूनमध्ये तो इंदुरातच होता. १६ जूनच्या संध्याकाळी केदारनाथी पहिला लोंढा आला. १७ तारखेच्या सकाळी देवळामागचा चोराबाडी तलाव फुटला आणि सारी वस्तीच वाहून गेली. पायवाटेवरचे रामबाडा नावाचे मुक्कामाचे ठिकाण नकाशावरून पुसले गेले. त्याचा धाकटा भाऊ यात्रेच्या हंगामापुरते देवळाजवळ प्रसादाचे दुकान मांडीत असे. दरीतले दूरध्वनी बंद पडलेले. आमच्या ओसरीवर बसून हा मुलगा आठ दिवस एकेक नंबर फिरवीत होता. गावचा, गुप्तकाशीचा, रुद्रप्रयागच्या मामाचा. कोणीही उचलीत नव्हते. गावात त्याची आई त्याच वेळी दोन्ही मुलांसाठी देव पाण्यात घालून बसली होती, कारण मोठा मुलगा इंदुरात सुखरूप आहे की भावाला शोधायला निघून वाटेत कोठे अडकला आहे, हेही तिला कळण्याचा मार्ग नव्हता. धाकटा परत आला नाही. त्या हिवाळ्यात मोठ्याने हॉटेलातली नोकरी सोडली आणि तो घरी परतला. घरी म्हातारी आई, बायको, तीन मुले आणि भावाची विधवा पत्नी. तेव्हापासून ‘काकू, एकदा येऊन जा’ हा धोशा चालू होता.

घर जुने आहे. भिंती हातभर जाड, दगडाच्या; पण दगडांच्या थरांमध्ये ठराविक अंतरावर लाकडी तुळया आडव्या घातलेल्या. समोर नक्षीच्या लाकडी खांबांचा सोपा, त्याला तेथे तिबारी म्हणतात. छपरावर पठाल, म्हणजे दगडाच्या पातळ लाद्या. खालच्या मजल्यावर गाय आणि लाकूडफाटा, वर माणसे. पुढे फरसबंद चौक. त्या चौकात बसले की दरीतून वाऱ्यासारखा एक अखंड आवाज येत राहतो. पहिल्या रात्री मला तो वाराच वाटला. ती मंदाकिनी होती.

भिंतीतल्या त्या लाकडाचे मर्म मला नंतर समजले. नुसता दगड भूकंपात ढासळतो. लाकडाच्या पट्ट्यांनी बांधून घेतलेली भिंत हलते, कुरकुरते, पण सहसा एकदम कोसळत नाही. यमुनेच्या खोऱ्यात, उत्तरकाशी जिल्ह्यातल्या राजगढी भागात, याच तत्त्वावर बांधलेली चार-चार, पाच-पाच मजल्यांची शेकडो वर्षांची घरे आजही उभी आहेत. कोटी बनाल या गावावरून अभ्यासक त्या बांधणीला ओळखतात. आता लाकूड मिळत नाही, सुतार मिळत नाहीत, आणि सिमेंटचे घर ही प्रतिष्ठेची खूण झाली आहे. सिमेंटचे घरही नीट बांधले तर वाईट नाही. पण सडकेच्या कडेला, डोंगर कापून, अर्धे घर भरावावर आणि पुढचे खांब दरीत सोडलेले असे जे हॉटेल-घर जागोजाग दिसते, त्यात मला कोणी फुकट ठेवले तरी पावसाळ्यात मी राहणार नाही.

सडक हा या कथेतला मोठा भाग आहे. जुनी गावे नदीपासून उंच, डोंगराच्या सोंडेवर, पाझराजवळ पण ओढ्याच्या तोंडापासून दूर अशी वसलेली असत. यात्रेकरू पायी येत, चट्टीचट्टीवर मुक्काम करीत. १९६२च्या चिनी आक्रमणानंतर पहाडात मोटाररस्त्यांची कामे झपाट्याने झाली, आणि पहाडातला रस्ता साहजिकच नदीच्या कडेने जातो. रस्त्यामागे दुकाने गेली, दुकानांमागे घरे. डोंगरातून उतरणारे ओढे नदीला मिळतात तेथे गाळाची पसरट, सपाट जागा तयार होते. पहाडात सपाट जागा सोन्याच्या मोलाची, म्हणून बाजार नेमके तेथेच वाढले. ती जागा ओढ्यानेच आणून टाकलेली असते आणि केव्हातरी तो ती परत मागतो, हे जुन्या माणसांना माहीत होते. २०१३ साली मंदाकिनीने सोनप्रयागपासून अगस्त्यमुनीपर्यंत काठावरचा बाजार असाच परत घेतला.

याचा अर्थ वरची गावे निर्धास्त आहेत असा नव्हे. उखीमठच्या परिसरात १९९८च्या ऑगस्टात आणि पुन्हा २०१२च्या सप्टेंबरात दरडी कोसळल्या त्या उतारावरच्या गावांवरच. खाली पाणी, वर दरड, आणि पायाखाली भूकंप. अशा ठिकाणी माणसे राहतात तरी कशी, असा प्रश्न मैदानातला माणूस विचारतो, मीही विचारला. घरातली म्हातारी, जिला सगळे दादी म्हणतात, हसून म्हणाली, “तुमच्या शहरात मोटारींखाली माणसे मरतात ना? मग तुम्ही रस्ता ओलांडायचा सोडता का? शिकून घेता.”

हे ‘शिकून घेणे’ त्या घरात कसे चालते, ते मला आठ दिवस पाहायला मिळाले, आणि तेच सांगण्यासाठी हा लेख.

पहिली गोष्ट दिसली ती स्वयंपाकघराच्या भिंतीवर. तेलरंगाने, ठळक आकड्यांत, काही नंबर लिहिले होते. ११२ हा देशभरचा आणीबाणीचा, १०७७ जिल्ह्याच्या आपत्ती कक्षाचा, १०७० राज्याचा. त्यांच्याही वर, सर्वांत मोठ्या अक्षरांत, आमचा इंदूरचा नंबर! मी चकित होऊन पाहत राहिले. यजमान म्हणाला, “काकू, २०१३ मध्ये आम्ही सगळे एकमेकांना फोन लावत होतो. सगळे इथलेच. इथली लाइन मेली की सगळेच मेले. म्हणून आता ठरवले. कोणीही कुठेही असो, मिळेल त्या फोनवरून इंदूरला सांगायचे, मी अमुक ठिकाणी, बरा आहे. इंदूर बुडत नाही.”

हा नंबर त्याने आमच्याकडून पूर्वीच मागून घेतला होता. तो अशा कामासाठी आहे, हेही सांगितले होते. पण त्याचे महत्त्व मला कळले ते ३१ जुलै २०२४च्या रात्रीनंतर. त्या रात्रीच्या मुसळधार पावसाने केदारनाथची पायवाट ठिकठिकाणी तुटली आणि हजारो यात्रेकरू अडकून पडले. पुढे हेलिकॉप्टरांनी आणि पायी मार्ग काढून त्यांना खाली आणावे लागले. त्याचा थोरला मुलगा खेचरे घेऊन त्याच वाटेवर होता. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला आमच्याकडे पहिला फोन आला तो मुलीचा, अगस्त्यमुनीच्या महाविद्यालयातून: ती बरी आहे. दहाच्या सुमारास यजमानाचा: घर शाबूत, सगळे वरच्या शेतात. मग काहीच नाही. आमचे ‘हे’ एरवी दुपारी झोपणारे. त्या दिवशी फोनजवळून हलले नाहीत. संध्याकाळी पावणेसातला एका अनोळखी नंबरवरून कोणा यात्रेकरूच्या फोनवर मुलगा बोलला, “काकाजी, मी सोनप्रयागला आहे. दोन खेचरे गेली. मी ठीक.” एवढेच. आम्ही ते वाक्य त्याच्या घरी पोहोचवायला आणखी चार तास घेतले, कारण गावाचा फोन लागेना. पण यजमान ठरल्याप्रमाणे दर दोन तासांनी डोंगराच्या सोंडेवर, जेथे कधीमधी सिग्नल येतो तेथे, चढून जात होता. रात्री अकराला तो आमच्याशी बोलू शकला.

दुसरी गोष्ट दाराआडचे गाठोडे. खरे म्हणजे ती जाड ताडपत्रीची पाठीवरची पिशवी आहे. पण घरात तिला गाठोडेच म्हणतात. वरच्या मजल्याच्या दारामागे खुंटीला ती टांगलेली असते. तिच्यात काय आहे, ते धाकट्या सुनेने मला काढून दाखविले. घराची सारी व्यवस्था हीच बाई पाहते. जमिनीच्या उताऱ्याची नक्कल, शिधापत्रिका, आधारकार्डे, बँकेची पुस्तके, हे सगळे दोन प्लास्टिकच्या पिशव्यांत एकात एक घालून, तोंड वितळवून बंद केलेले. मूळ कागदांच्या नकला मामाकडे रुद्रप्रयागला. दादीच्या रक्तदाबाच्या गोळ्या एक महिन्याच्या, आणि गोळ्यांचे नाव लिहिलेली चिठ्ठी निराळी. गोळ्या भिजल्या तरी नाव राहावे म्हणून. यजमानाचा जुना चष्मा. विजेरी, पण तिचे सेल बाहेर काढून वेगळे गुंडाळलेले, कारण आत राहिले तर ते गळून विजेरीच खराब होते. आगपेटी मेण लावून. एक लोकरी टोपी प्रत्येकाची. भाजलेले चणे, गूळ, सत्तू. दोरी. पाण्याच्या दोन बाटल्या. थोडे रोख पैसे, सुट्या नोटांत. आणि पाच शिट्ट्या.

सोने नाही. मी सहज विचारले. ती म्हणाली, “सोने गाठोड्यात ठेवले तर माणसे गाठोड्यासाठी मागे फिरतील. हे असे ठेवले आहे की राहिले तरी चालेल.”

हे वाक्य मला त्या वेळी नीट उमगले नाही. दोन दिवसांनी उमगले.

येथे जरा इतिहासाकडे वळावे लागेल. या प्रदेशात संकटाची पूर्वसूचना देऊन माणसे वाचविण्याचा एक प्रयोग सव्वाशे वर्षांपूर्वी झाला होता, आणि तो इतका यशस्वी झाला होता की आजही वाचून विस्मय वाटतो. १८९३च्या सप्टेंबरात चमोलीकडे, अलकनंदेला मिळणाऱ्या बिरही गंगेच्या खोऱ्यात, गोहना गावाजवळ अख्खी डोंगरकडा खाली आली आणि तिने नदी अडविली. दरडीचा तो बांध सुमारे ९०० फूट उंच होता. मागे तलाव भरू लागला. पुल्फर्ड नावाच्या इंग्रज अभियंत्याने जागा पाहून अनुमान केले की बांध मध्येच फुटणार नाही. पाणी माथ्यावरून वाहू लागेल तेव्हाच तो खचेल, आणि ती वेळ पुढच्या वर्षी ऑगस्टच्या सुमारास येईल. मग वर्षभर तयारी झाली. तलावापासून खाली हरिद्वारपर्यंत तारायंत्राची ओळ टाकण्यात आली. दरीच्या दोन्ही उतारांवर, पुराचे पाणी कोठवर चढेल त्या रेषेवर, खुणेचे खांब उभारले. लोकांनी त्या रेषेच्या वर जावे एवढाच हुकूम. झुलते पूल आधीच सोडवून ठेवले. २५ ऑगस्ट १८९४च्या रात्री बांध फुटला. गढवालच्या राजांचे जुने श्रीनगर (काश्मीरचे नव्हे, अलकनंदेकाठचे) त्या पाण्याने धुऊन नेले. आणि माणसे? एवढ्या मोठ्या प्रलयात पाच माणसे गेली. एक फकीर आणि त्याचे कुटुंब. त्यांना बांधाच्या पायथ्याजवळून हलविण्यात आले होते. ती परत गेली होती.

तलावाचा उरलेला भाग पुढे १९७०च्या जुलैतील अलकनंदेच्या महापुरात भरून गेला. त्या पुरात बेलाकुची हे ठिकाण वाहून गेले; आणि त्याच पुराने डोंगरावरची झाडे आणि खालचे पाणी यांचा संबंध लोकांच्या डोळ्यांसमोर आणला. चिपको आंदोलन त्यानंतर तीन वर्षांनी सुरू झाले. पण तो निराळा विषय.

फकिराची गोष्ट मी एका संध्याकाळी चुलीजवळ सांगितली. यजमानाच्या मुलांना ती माहीत नव्हती, दादीला अर्धीमुर्धी माहीत होती. सगळे ऐकत होते. धाकटी सून भाकऱ्या थापीत होती. मंडुव्याच्या, म्हणजे आपल्या नाचणीच्याच. ती वर न पाहता म्हणाली, “माझे यजमानही परतच गेले होते.” सोळा तारखेच्या संध्याकाळी पहिले पाणी आले तेव्हा तो इतरांबरोबर डोंगरावर चढला होता. रात्र त्याने वर, पावसात काढली. सकाळी पाणी ओसरलेले दिसले, तेव्हा दुकानातली पेटी आणि उधारीची वही आणतो म्हणून तो खाली उतरला. बरोबरच्या दोघांनी नंतर तिला हे सांगितले. ती पेटी कधीच सापडली नाही. तिच्यात किती होते, हेही कोणाला ठाऊक नाही.

बराच वेळ कोणी बोलले नाही. मग दादीने मला त्या घराचा पहिला नियम सांगितला: एकदा उंबरा ओलांडला की परत फिरायचे नाही, दुसरे पाणी येऊन जाईपर्यंत, किंवा उजाडून बाहेरची माणसे सांगेपर्यंत. गाठोडे राहिले, राहिले. हा नियम ठरवायला सोपा आणि पाळायला सर्वांत कठीण, आणि त्यावर घरात सर्वांत मोठे भांडण झाले होते ते गायीवरून. दादी म्हणे, गाय बांधलेली टाकून मी जाणार नाही. तिचे पाप कोणाच्या माथी? सून म्हणे, खाली गोठ्यात शिरून दावे सोडीत बसायला वेळ कोठला? दोन पावसाळे हा वाद चालला. शेवटी तोड निघाली ती अशी की जूनपासून सप्टेंबरपर्यंत गायीचे दावे गाठीचे बांधायचेच नाही. दाव्याच्या टोकाला लाकडी खुंटी अडकवलेली असते. जिन्यावरूनच एक दोरी ओढली की खुंटी निसटते आणि गोठ्याचे दार बाहेर उघडते. गाय आपली वाट आपण काढते. हे यंत्र थोरल्या नातवाने केले. दादी म्हणाली, त्यानंतरच मी कंडीत बसायला कबूल झाले.

कंडी म्हणजे पाठीवरची वेताची टोपली. केदारनाथच्या वाटेवर म्हाताऱ्या यात्रेकरूंना याच टोपलीत बसवून वाहून नेतात. दादी ऐंशीच्या पुढची, गुडघे गेलेले. तिला कोणी न्यायचे, याची एक क्रमवारी आहे: थोरला नातू घरी असेल तर तो, नसेल तर यजमान, तोही नसेल तर दोघी सुना पाळीपाळीने. धाकटीने मला सांगितले की तिने कंडीत तेवढ्या वजनाचे दगड भरून वरच्या शेतापर्यंत चढून पाहिले आहे. प्रत्येकाचे काम ठरलेले आहे आणि तो माणूस घरी नसला तर ते काम कोणाचे, हेही ठरलेले आहे. खरी मेख या दुसऱ्या भागातच आहे, असे मला वाटते. आपल्या घरांतही बाबांना सगळे ठाऊक असते. कागद कोठे, गॅसचा नळ कोठे बंद होतो, विजेचा मुख्य खटका कोणता. पण बाबा गावाला गेलेले असतात. बडोद्याच्या वाचकांना २०२४च्या ऑगस्टातली विश्वामित्री आठवत असेल. तेथे कोणता डोंगर होता?

पावसाळ्यात त्या घरात डोंगराच्या बाजूच्या मागल्या खोलीत कोणी झोपत नाही. दरड आली तर ती प्रथम त्याच भिंतीवर येणार. सर्व जण पुढच्या सोप्यालगत झोपतात, चपला पायाशी. हवामान खात्याचा नारिंगी किंवा तांबडा इशारा असेल त्या रात्री पाळीने एक जण जागा राहतो. तो काय ऐकतो? ओढा. गावाच्या एका अंगाला एक गधेरा आहे, म्हणजे घळीतून उतरणारा ओढा. पाऊस पडत असताना ओढ्याचा आवाज वाढला तर ते ठीकच; पण पाऊस चालू असून आवाज एकाएकी कमी झाला, तर वर कोठेतरी पाणी अडले आहे आणि ते एकदम सुटणार आहे. पाणी अचानक मातकट झाले, त्यात मुळासकट झुडपे आली, भिंतीला नवा तडा दिसला, दार चौकटीत अडकू लागले, झाडे किंवा विजेचे खांब तिरपे झाले, नेहमीचा झरा आटला किंवा भलत्या ठिकाणी नवा फुटला, या सर्व खुणा दहा वर्षांचा धाकटा मुलगाही घडाघडा म्हणून दाखवितो, पाढे म्हणावेत तशा. आणि अशा वेळी पळायचे ते ओढ्याच्या दिशेने खाली नव्हे. बाजूला आणि वर.

शिट्ट्या कशासाठी, हे विचारण्याची गरज उरली नाही. ५ ऑगस्ट २०२५ रोजी उत्तरकाशीकडे धराली येथे खीरगाडचा लोंढा उतरला. तेव्हा भागीरथीच्या पलीकडच्या, उंचावरच्या मुखबा गावातल्या लोकांना तो आधी दिसला. शिट्ट्या वाजवून, आरोळ्या ठोकून ते समोरच्या बाजाराला सावध करीत होते. ती चित्रफीत देशभर पाहिली गेली. पाण्याच्या गर्जनेत माणसाचा आवाज विरतो, शिट्टी मात्र पुष्कळ दूर जाते. आणि ढिगाऱ्याखाली अडकलेल्या माणसाचा घसा तासाभरात बसतो, शिट्टी बसत नाही.

भूकंपाची गोष्ट वेगळी. तो कोणतीच खूण देत नाही. १९९१चा उत्तरकाशीचा भूकंप २० ऑक्टोबरला पहाटे तीनच्या आधी झाला, १९९९चा चमोलीचा २९ मार्चला मध्यरात्र उलटून थोड्याच वेळाने. दोन्ही वेळा माणसे अंथरुणात होती आणि डोक्यावर दगडी छपरे. आता रुडकीच्या आय.आय.टी.ने उत्तराखंडासाठी भूकंपाची सूचना देणारी यंत्रणा उभारली आहे. २०२१पासून तिचे अॅप लोकांच्या फोनवर आहे. धक्क्याच्या पहिल्या, सौम्य लहरी यंत्रांना कळतात आणि विध्वंसक लहरी पोहोचण्यापूर्वी सूचना निघते. भूकंपाचे केंद्र दूर असेल तर काही सेकंद मिळतात, जवळ असेल तर तेही नाहीत. यजमानाच्या फोनवर ते आहे. तो म्हणाला, “सेकंदात विचार नाही होत काकू. विचार आधीच करून ठेवायचा.” त्यांनी करून ठेवलेला विचार असा: दाराजवळचे चौकात पळतील, कारण चौक मोकळा आहे, आतले पळणार नाहीत, ते देवदाराच्या जड पलंगाखाली शिरतील. पळताना छपराच्या वळचणीखाली थांबायचे नाही, लाद्या तेथेच पडतात.

शुक्रवारी, भाताची कापणी आटोपल्यावर, त्यांनी मला त्यांचा सराव दाखविला. तो माझ्यासाठी मुद्दाम केलेला नव्हता. पावसाळ्याच्या आधी एकदा आणि नंतर एकदा, असा त्यांचा प्रघातच आहे. धाकट्याने शिट्टी फुंकली. थोरलीने गॅसच्या टाकीचा नळ बंद केला, धाकटीने विजेचा खटका पाडला आणि गाठोडे खांद्यावर घेतले. जिन्यावरची दोरी ओढली गेली. गाय बाहेर आली आणि चौकात उभी राहून आमच्याकडे तुच्छतेने पाहू लागली. थोरल्या नातवाने दादीला कंडीत घेतले. वरच्या शेतात, डोंगराच्या सोंडेवर, एक आक्रोडाचे झाड आहे; जमायचे ठिकाण ते. शाळेची पक्की इमारत जवळ असूनही ती त्यांनी मुद्दाम टाळली आहे, कारण ती गधेऱ्याच्या तोंडाशी आहे. मी घड्याळ लावले होते: सात मिनिटे. त्यांतली तीन माझीच असावीत, कारण चढावर मला दोनदा थांबावे लागले आणि नियमाप्रमाणे कोणालाही मागे सोडायचे नसते. दादी कंडीतून म्हणाली, “बहू, पुढच्या वेळी इंदूरवालीसाठी आणखी एक कंडी ठेव.”

झाडाखाली हजेरी झाली. मग धाकट्या सुनेने तेथेच बसून गाठोडे उघडले. पावसाळा सरला होता. जूनमध्ये भरलेला खाऊ बदलायचा होता. तिने आगपेटीची काडी ओढून पाहिली, गोळ्यांच्या तारखा वाचल्या, विजेरीत सेल घालून एकदा उजेड पाडला आणि सेल परत काढले. नवे चणे, नवा गूळ, नवे सत्तू पिशवीत गेले. जुने चणे अजून चांगले होते, थोडे मऊ पडलेले इतकेच. दुसऱ्या दिवशी आम्ही निघालो तेव्हा तिने ते गरम करून, मीठ लावून, कागदाच्या पुड्यात आमच्या हाती दिले. श्रीनगरपर्यंत आम्ही ते खात गेलो.